वायदा, तोटा आणि मर्यादा : मुंबईपासून लातूरपर्यंतचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आपल्या समाजाच्या व्यापारी परंपरेविषयी काही लिहावे, अशी आज्ञा आम्हांस केली. आम्ही पडलो शाळामास्तर. मॅट्रिक होऊन नोकरीस लागलो आणि छत्तीस वर्षे नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील मुलांना अंकगणित व इतिहास शिकवून निवृत्त झालो. व्यापार आम्ही कधी केला नाही. घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. म्हणून आज्ञा शिरसावंद्य मानण्यापूर्वी आम्ही थोडे घुटमळलो. परंतु गतवर्षीच्या वधूवर मेळाव्याच्या दिवशी घडलेला एक प्रसंग मनातून जाईना, तेव्हा विषय थोडा वळवून घेतला आहे. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

जेवणाच्या पंगती उठत होत्या. समाजातील एक भगिनी आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, ऑप्शन म्हणजे काय हो असतं?” आम्ही म्हणालो, “वहिनी, पर्याय.” त्या म्हणाल्या, “तसं नाही. शेअरबाजारातलं. धाकट्यानं त्यात दोन एकराचे पैसे घालवले. यांना जाऊन वर्षही झालं नाही अजून.” नावगाव सांगण्याचे कारण नाही, ते घर आपल्यांपैकीच एक आहे, एवढे पुरे. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईस जाऊन पोहोचलो. तोच हा लेख होय.

‘जोखीम’ हा शब्द आपल्या व्यापाऱ्यांस नवा नाही. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी सर्वांस ठाऊक असते, परंतु जुन्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ नावाचा आणखी एक प्रकार चालत असे. व्यापारी जहाजावर माल चढवी आणि त्या मालावर हुंडी लिहून ती पैसेवाल्यास विकी. माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे मिळावयाचे. जहाज बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचेही पैसे बुडाले. एका कागदात कर्जही आले आणि विमाही आला. माल पाठविणाऱ्याने आपली जोखीम दुसऱ्यास विकली आणि तिचे मोल हुंडावळीतच मोजून दिले. खुष्कीच्या मार्गावर हेच काम हुंडेकरी करीत. माल पोहोचविण्याचा मक्ता घेतला की वाटेतील चोरीचिलटाची जबाबदारी त्यांच्यावर.

आपल्या भागात जोखमीचा आणखी एक प्रकार होता, तो आजच्या पिढीस सांगूनही खरा वाटणार नाही. निजामाच्या राज्यात ‘हाली’ सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात ‘कलदार’. लातूरच्या गंजात माल हालीत खरेदी करावयाचा आणि मुंबईस कलदारात विकावयाचा. सुमारे सात हालीस सहा कलदार असा हिशेब पुढे रूढ झाला, परंतु त्यापूर्वी हा बट्टा वरखाली होई. मालात कमावलेले बट्ट्यात जाई. आमचे आजोबा हाली आणि कलदार यांची खाती चोपडीत निरनिराळी ठेवीत. एकाची रक्कम दुसऱ्यात मिसळणे हा त्यांच्या मते अपराध होता. त्या वेळी आम्हांस ही नुसती म्हातारपणाची शिस्त वाटे.

आता मुंबईकडे वळू. १८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानी कापसाकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापूस मुंबईकडे लोटला. गोदावरीकाठच्या आपल्या काळ्या जमिनीत तेव्हा आगगाडी नव्हती. मनमाड-हैदराबाद मार्गावर नांदेड आले ते १९०० साली, आणि बार्शीची लहान गाडी लातुरास पोहोचली ती १९११ साली. त्यामुळे इकडचा माल बैलगाड्यांनीच जाई. या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीहून कोट्यवधी रुपये अधिक पडले. एवढा पैसा ठेवावा कोठे, असा प्रश्न पडला, आणि त्याच्या उत्तरादाखल कंपन्या निघू लागल्या.

१८६५ च्या आरंभी मुंबईत एकतीस बँका होत्या असे नमूद आहे. दहा वर्षांपूर्वी त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्याच आठ. त्यांत ‘बॅक बे’ कंपनीचा बोलबाला सर्वांत मोठा. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरास पन्नास हजारांपर्यंत भाव आला. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती! या साऱ्याचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद हा सुरतेकडचा तरुण दलाल. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्या मातुःश्रींच्या नावाचा आहे. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये त्याने याच तेजीच्या दिवसांत दिले. दानत मोठी होती यात शंका नाही. परंतु त्याच्या शब्दावर बँका कर्ज देत, आणि त्या कर्जाचे तारण काय, तर पुन्हा शेअरच. सरकारी पाठबळाच्या बँक ऑफ बॉम्बेलाही १८६३ पासून शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली होती. शेअर चढला म्हणून कर्ज मिळे, कर्ज मिळाले म्हणून आणखी शेअर घेतला जाई, आणि घेतला म्हणून तो पुन्हा चढे. दोन आरसे समोरासमोर ठेवावे आणि दिवे मोजावे, तशी ती श्रीमंती.

यात मुख्य मर्म ‘वायद्या’चे होते. शेअर आज घ्यावयाचा आणि पैसे पुढील मुदतीस द्यावयाचे, असे सौदे शेकड्यांनी झाले. फार मोठ्या सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. विकणाऱ्याजवळ शेअर नसे आणि घेणाऱ्याजवळ पैसा नसे. दोघांचीही भिस्त मधल्या काळातील भावावर. अशी साखळी शंभर कड्यांची झाली की पहिल्या माणसाची पत शंभराव्या माणसाच्या खिशावर अवलंबून राहते, आणि त्या दोघांनी एकमेकांस पाहिलेलेही नसते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस येताच कापूस कोसळला आणि कापसामागोमाग शेअर. जुलैची मुदत आली तेव्हा विकू म्हणणारे सारे आणि घेऊ म्हणणारा कोणी नाही. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांस जात होता, तो ८७ रुपयांस विकावा लागला. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की त्यांच्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला. १८६६ साली प्रेमचंद स्वतः बुडाला, आणि १८६८ च्या आरंभी बँक ऑफ बॉम्बेही मोडली. सरकारने तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले.

या होळीत कोण सापडले? नुसते सटोडियेच असते तर इतिहासाने त्यांची दखल कशास घ्यावी? डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण आदराने घेतो. गोव्यातील मांद्र्याच्या घराण्यातले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, प्राचीन शिलालेखांचे जाणकार, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. मुंबईचे वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. असा विद्वान, परोपकारी, सावध पुरुषही या शेअरांत आपली संपत्ती गमावून बसला. विद्या तोट्यापासून वाचविते असे आम्ही वर्गात पुष्कळदा सांगितले असेल. भाऊ दाजींचे चरित्र वाचल्यापासून ते वाक्य आम्ही सोडून दिले.

दुसरे उदाहरण टाटांचे. जमशेदजी त्या वेळी तरुण होते आणि पेढीच्या कामासाठी विलायतेत होते. त्यांच्या हातातील शेअर व हुंड्या मुंबई कोसळताच कागदाच्या किमतीच्या झाल्या. पेढी गुंडाळावी लागली, घरही विकले. पुढे १८६८ च्या हबसाणच्या मोहिमेत रसदीचा मक्ता मिळून घर सावरले, आणि १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल उभी राहिली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी घर विकून देणी भागविली, परंतु गेलेला पैसा परत मिळवावा म्हणून पुन्हा त्याच बाजारात उडी घेतली नाही.

एक बारीक तपशील येथे सांगितलाच पाहिजे, कारण तो पुष्कळांस माहीत नसतो. त्या काळी शेअराची सगळी रक्कम एकदम भरावी लागत नसे. काही भाग भरला की शेअर हाती येई. लोकांस वाटले, थोडक्यात मोठा माल मिळाला. कंपनी बुडाली तेव्हा उरलेली रक्कम भरा, म्हणून तगादे आले. शेअराची किंमत शून्य झाली आणि देणे मात्र शिल्लक राहिले. म्हणजे गुंतविले त्याहून अधिक बुडू शकते, हे मुंबईने तेव्हा प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवले. वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस येथे सापडले.

खेड्यांत या तेजीमंदीचे पडसाद निराळ्या रीतीने उमटले. कापूस तेजीत असताना सावकारांनी कुणब्यांस हात सैल सोडून कर्ज दिले होते. भाव उतरले, सारा मात्र वाढला, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दख्खनच्या दंग्यांस तोंड फुटले. लोकांनी कर्जखते जाळली. तो इतिहास मोठा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यात शिरत नाही.

त्याच १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संस्था स्थापन केली. तीच आजची बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज होय. आरंभीचे सभासद ३१८ आणि प्रवेश फी एक रुपया. नियम आले, परंतु माणसाची वृत्ती तीच राहिली. ‘बदला’ नावाची चाल निघाली. तिच्यात मुदत आली तरी पैसे न भरता सौदा व्याजावर पुढे ढकलता येई. कापूस बाजारात ‘तेजी-मंदी’चे सौदे चालत. थोडी रक्कम आगाऊ देऊन ठरल्या भावाने माल घेण्याचा हक्क विकत घेणे ती तेजी, आणि विकण्याचा हक्क विकत घेणे ती मंदी. आजच्या मुलांच्या तोंडी असलेला ऑप्शन तो हाच, वहिनी! केवळ वेष पालटून आला आहे. मालातील असे सौदे १९५२ च्या वायदे-कायद्याने बंद केले होते.

१९९२ चे प्रकरण बहुतेकांच्या स्मरणात आहे. २२ एप्रिल १९९२ रोजी निर्देशांक ४,४६७ वर पोहोचला आणि वर्षभरात निम्म्याच्या खाली उतरला. तेथेही बँकांचा पैसा शेअरांत खेळविला गेला होता, आणि पुष्कळ पावत्यांमागे रोखेच नव्हते. १८६५ ची उजळणीच ती. बदला अखेर २००१ च्या जुलैत बंद झाला. गंमत अशी की, त्याच सुमारास शेअरांचे ऑप्शन अधिकृतपणे सुरू झाले.

आता थोडे आमच्या स्वतःच्या मूर्खपणाविषयी. २००८ च्या जानेवारीत शाळेच्या स्टाफरूममध्ये शेअरांखेरीज दुसरे बोलणे नव्हते. आम्ही मुलीच्या लग्नासाठी बाजूस काढलेल्या रकमेतून ६०,००० रुपये एका कंपनीत घातले. कंपनीचे नाव सांगून आता उपयोग नाही. मार्चपर्यंत त्याचे ४५,००० झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, “काढून घ्या.” आम्ही म्हणालो, “घेतल्या भावाला आला की काढू.” दिवाळीस २०,००० उरले. तरीही आमचे तेच उत्तर. चार वर्षांनी विकले तेव्हा हातात १६,००० आले. विकत घेतलेला भाव फक्त आमच्या वहीत होता. बाजारास तो ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. एवढी साधी गोष्ट समजण्यास अंकगणिताच्या मास्तरास चार वर्षे लागली.

त्यानंतर आम्ही फळ्यावर एक कोष्टक मांडून पाहिले होते. शंभराचे नव्वद झाले तर पुन्हा शंभर होण्यास शेकडा अकरा-सव्वाअकरा नफा पुरे. ऐंशी झाले तर शेकडा पंचवीस लागतो. पन्नास झाले तर शेकडा शंभर, आणि वीसच उरले तर शेकडा चारशे. खाली उतरण्याची आणि वर चढण्याची पायरी सारखी नसते. म्हणून जाणते लोक खरेदी करतानाच ठरवितात की अमुक भावास उतरला तर विकून मोकळे व्हावयाचे. दलालास तशी सूचनाही आधीच देऊन ठेवितात. तिला ‘स्टॉप लॉस’ म्हणतात. हा उपाय चांगला, परंतु पुरेसा नव्हे. २३ मार्च २०२० रोजी करोनाच्या भयाने निर्देशांक एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक घसरला आणि व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. अशा दिवशी ठरविलेल्या भावास गिऱ्हाईकच नसते; विक्री होते ती पुष्कळ खालच्या भावाने. १८६५ च्या जुलैत जे घडले ते यंत्रयुगातही घडू शकते. खरी मर्यादा विक्रीच्या सूचनेत नसून आरंभीच्या रकमेत असते. एका ठिकाणी किती घालावे, आणि उसने घेऊन घालावे की नाही, हे आधी ठरते.

लातूरच्या वाचकांस वायद्याविषयी एवढे वाईट ऐकून राग येईल, आणि तो योग्यच आहे. वायदा हा मुळात विषारी नव्हे. समजा, एखाद्या डाळमिलवाल्याने क्विंटलला ५,००० रुपयांप्रमाणे १०० क्विंटल हरभरा घेतला. त्याची डाळ होऊन विकली जाण्यास दोन महिने लागणार. त्याने त्याच दिवशी दोन महिन्यांच्या मुदतीचा १०० क्विंटलचा वायदा ५,१०० ने विकून ठेवला. मुदतीस भाव ४,६०० झाला तर मालावर ४०,००० तोटा आणि वायद्यात ५०,००० नफा. भाव ५,६०० झाला तर मालावर ६०,००० नफा आणि वायद्यात ५०,००० तोटा. दोन्ही वेळी १०,००० हातात. मोठा नफा सोडला, मोठा तोटा टाळला, आणि मिल चालू राहिली. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या व्यापाऱ्याचीच ही बुद्धी. परंतु ज्याच्या कोठारात हरभरा नाही, त्याने हाच वायदा केला तर त्याच्या एका हाताचा तोटा भरून काढण्यास दुसरा हातच नसतो.

२००३ च्या डिसेंबरात एनसीडीईएक्स सुरू झाल्यावर ही सोय संगणकावर आली. सरकारचा मात्र तिच्यावर कधीच पुरता विश्वास बसला नाही. २००७ च्या जानेवारीत तूर आणि उडीद यांचा वायदा बंद केला. वायद्यामुळे महागाई झाली असे ठामपणे म्हणता येत नाही, असा निर्वाळा अभिजित सेन समितीने २००८ मध्ये दिला, तरी तुरीचा दरवाजा उघडला नाही. पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस पडताच जो तो तूर पेरून बसला, विक्रमी पीक आले, आणि हमीभाव ५,०५० असताना बाजार त्याच्या खाली गेला. सरकारी खरेदी केंद्रांपुढे शेतकरी पोती घेऊन दिवसचे दिवस बसले होते. पेरणीच्या वेळी पुढील फेब्रुवारीचा भाव दिसण्याची काही सोय असती तर सर्वांनीच तूर पेरली असती काय, हा प्रश्न आमच्या मनात अजून आहे.

सोयाबीनची गोष्ट तर कालपरवाची. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी मिळाली, पाठोपाठ नवे पीक आले, आणि दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर आला. तेजीत माल धरून बसलेले मोंढ्यातील कित्येक जण त्या वर्षी गप्प होते. त्याच वर्षी २० डिसेंबरास हरभरा, सोयाबीन इत्यादी सात जिनसांचा वायदा स्थगित झाला, आणि ती स्थगिती पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. ज्यांच्याजवळ माल आहे त्यांची ढाल अशी काढून घेण्यात आली.

आणि ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांच्या हातात मोबाइलवर तलवार आली. शेअर-निर्देशांकाचे ऑप्शन आठवड्याच्या मुदतीने खेळता येऊ लागले. २०२४ च्या सप्टेंबरात सेबीने जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मागील तीन आर्थिक वर्षांचा हिशेब आहे. वायदे व ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाला; सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये, आणि एकंदर १.८ लाख कोटींहून अधिक. शंभर मुलांच्या वर्गात त्र्याण्णव नापास होत असतील तर आम्ही मुलांस दोष दिला नसता. परीक्षाच तपासली असती.

त्या भगिनींच्या घरी आम्ही नंतर तीन वेळा गेलो. मुलगा मान खाली घालून बसला होता, परंतु वही काढल्यावर बोलू लागला. आरंभी तो ऑप्शन विकत घेई. त्यात गेले तर आगाऊ दिलेली रक्कमच जाई. सहा महिन्यांत दीड लाख गेले. मग कोणी सांगितले की घेणारा हरतो आणि विकणारा जिंकतो. तेव्हापासून तो ऑप्शन विकू लागला. विकणाऱ्यास मिळते ती रक्कम ठरलेली, आणि जाते तिला अंत नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही. १८६५ च्या अर्धवट भरलेल्या शेअरांसारखेच ते. चार महिने थोडे थोडे मिळत गेले आणि एका गुरुवारी दुपारी जमिनीचे पैसे गेले. तारखेवार मांडले तेव्हा दिसले की पहिला लाख जाण्यास चार महिने लागले होते आणि शेवटचे सात लाख जाण्यास दोन तास. “पहिल्या लाखाला थांबलो असतो तर?” असे त्याने विचारले. आम्ही त्याला आमचे ६०,००० चे पान दाखविले. त्या माउली आतून चहा घेऊन आल्या आणि पुष्कळ दिवसांनी तो हसलेला त्यांनी पाहिला.

जमीन परत येणार नाही. उरलेली अडीच एकर आईच्या नावावर केली आहे. मुलगा सध्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजींच्या हाताखाली काम शिकतो. रोजमेळ पैशापर्यंत जुळल्याशिवाय सायंकाळी त्याला घरी सोडत नाहीत, अशी त्याची तक्रार असल्याचे त्याच्या आईने परवा आम्हांस सांगितले.